मामाजींच्या मागून

अंजूने गल्लीत खेळणाऱ्या लेकीला अंगणातून हाक मारली, ती येईना म्हणून एका दमात तिचा उद्धार केला, वर त्यात तिच्या बापालाही ओढलं, आणि माझा तव्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. भाकरी करपली. करपू दे म्हटलं. गेली दोन वर्षं ही पोरगी एवढं लांबलचक बोललीच नव्हती.

अंजू माझी सून. मुलगा नयन बुटीबोरीला कंपनीत आहे, सुट्टी मिळेल तसा येतो. आर्णीजवळच्या आमच्या गावात घरी आम्ही चौघंच: अंजू, माझी नात, मी आणि घनश्यामराव. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी बोलताना घेत नाही, लिहिताना घेते. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं त्याचा एवढा तरी फायदा असावा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. गावातल्या दोन पिढ्या बेबी मॅडमच्या आवाजाला घाबरून मोठ्या झाल्या. घनश्यामराव तेवढे घाबरायचे राहिले.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सासरा आणि सून एकाच आठवड्यात आडवे झाले. यवतमाळला दोघांनाही ऑक्सिजन लागला. मी इकडे नातीला मांडीवर घेऊन फोनकडे बघत बसायची. फोन वाजला की भीती, नाही वाजला की जास्त भीती. दोघंही परत आले. तेव्हा माणूस परत येणं हेच इतकं मोठं होतं, की श्वास काही त्यांच्याबरोबर पुरता आलेला नाही हे लक्षात यायला वेळ लागला. अंजू तुकड्या-तुकड्याने बोलायची. ‘आई,’ म्हणून थांबायची. ‘मीठ,’ म्हणून पुन्हा थांबायची. तोवर भाजी खाली उतरलेली असायची. घनश्यामराव वावरात जायला निघायचे आणि अर्ध्या वाटेवर बांधावर बसायचे. विचारलं की म्हणायचे, ‘पराटी पाहून राह्यलो.’ दुसऱ्याच्या वावरातली कपाशी इतका वेळ बघत बसणारा शेतकरी मी तरी दुसरा पाहिला नाही.

यवतमाळच्या छातीच्या डॉक्टरांनी दोघांचे फोटो काढून भिंतीवरच्या उजेडात लावले.

‘जखम भरली की तिथली कातडी जाड होते ना, तसं आत झालंय,’ ते म्हणाले. ‘फुफ्फुस फुगायला पाहिजे, ते पुरतं फुगत नाही.’

यावर पक्कं औषध अजून कोणाकडे नाही, पण एका औषधाची तपासणी देशात ठिकठिकाणी चालू आहे, आपल्या दवाखान्यातही आहे, तुमची इच्छा असेल तर दोघांनाही त्यात घेता येईल, असं त्यांनी सांगितलं. नेहमीचे उपचार चालूच राहतील. मग पुढे ते जे बोलले ते ऐकून मी खुर्चीत सावरून बसले. डब्या सगळ्या सारख्या. कॅप्सूल सारख्या, रंग सारखा. काही डब्यांत औषध, काहींत नुसती भुकटी. कोणाला काय मिळालं ते रोग्याला कळणार नाही.

‘पण तुम्हाले तं मालूम राहीन?’ घनश्यामरावांनी विचारलं.

‘नाही, मलाही नाही. डबीवर फक्त नंबर असतो. कोणत्या नंबरात काय आहे ते दूर एका कॉम्प्युटरमध्ये बंद आहे. सगळं संपल्यावरच उघडतील.’

‘मंग गुण आला का नाही, ते सांगाल कसे?’

‘जे दिसेल ते लिहायचं. कोणालाच कोणाची बाजू घेता येऊ नये म्हणून सगळ्यांचे डोळे बांधलेत, असं समजा. माझेही.’

मी जन्मभर उत्तरं माहीत असलेले प्रश्न विचारले. पेपर तपासणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नाही आणि तरी सगळे मुकाट्याने, इमानदारीने पेपर सोडवत बसलेत, अशी परीक्षा मी पहिल्यांदाच बघत होते. कोण कुठली माणसं, कुठल्या कुठल्या शहरांत, आपल्या डबीत नुसती भुकटी असू शकेल हे ठाऊक असूनही रोज सकाळी ती कॅप्सूल गिळत असतील, म्हणजे पुढे कोणालातरी खरं काय ते कळेल. माझ्या अंगावर काटा आला. घनश्यामरावांना मात्र हे लगेच पटलं. कृषी विद्यापीठवाले एकदा आमच्या वावरात तुरीचे दोन वाण शेजारी-शेजारी पेरून गेले होते, कोणता कोणता ते न सांगता.

‘बराबर हाये,’ ते म्हणाले. ‘नाव सांगतलं का माणूस त्याच वाणाले जास्त पाणी देते.’

त्यांनी सही केली. अंजूनेही आपल्या कागदावर केली, पण त्यांची झाल्यावर.

घरी आल्यावर दोन डब्यांची राखण माझ्याकडे आली. त्यांची डबी देवाच्या कोनाड्यात, तिची स्वयंपाकघरातल्या फळीवर. चुकून अदलाबदल झाली तर त्या दूरच्या कॉम्प्युटरचा काय घोटाळा होईल या विचाराने मी दोघांना हाताने कॅप्सूल द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. ‘मॅडम, जीभ दाखवू का?’ घनश्यामराव विचारायचे. दाखवा म्हटलं की खरंच दाखवायचे.

त्यानंतर किती तरी महिन्यांनी ती भाकरी करपली. घनश्यामराव त्या वेळी घरात नव्हते. मी कोणाला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून अंजूच्या मागावरच राहिले. ती गच्चीवर वाळवण घेऊन गेली, वर पोचल्यावर कठड्याला टेकली नाही. नातीने कसलीशी नक्कल केली तेव्हा ती खदखदून हसली आणि हसण्याचा शेवट खोकल्यात झाला नाही. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. आनंद झाला होता, आणि भीतीही वाटत होती, कारण घनश्यामराव जिथे होते तिथेच होते. तिथेच काय, थोडे मागेच गेले होते. आता ते बांधापर्यंतही पोचत नसत, गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या ओट्यावर बसत. एका घरात, एकाच चुलीवरचं खाणारी दोन माणसं. आमच्यापैकी कोणी काही म्हणत नव्हतं, पण देवाच्या कोनाड्यातल्या डबीकडे बघताना माझ्या मनात काय यायचं ते देवालाच माहीत.

डॉक्टरांकडे ठरल्या ठरल्या वेळी जावं लागे. आधी एका मशीनमध्ये जोर लावून फुंकायचं, मग बोटाला चिमटा लावून आतल्या लांब वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालायचं. सोबतच्या माणसांनी बाहेर बसायचं. मी बाहेर पिशव्या सांभाळत बसायची. असंच एकदा सगळं आटोपल्यावर डॉक्टरांनी अंजूला आणि मला आत बोलावलं. घनश्यामराव बाकावर दम खात बसले होते.

‘मला कोडं पडलंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘फुंकायच्या मशीनवर हिची चांगली सुधारणा आहे. चालणं मात्र वाढत नाही, उलट दर खेपेला कमी होतंय. श्वास सुधारतोय आणि चाल घटतेय, म्हणजे हृदयावर ताण येतोय का ते बघावं लागेल. कदाचित औषधामुळेच असेल. पुढच्या वेळीही असंच आलं तर मी कॅप्सूल थांबवणार. नागपूरला पाठवून हृदयाची तपासणी करावी लागेल.’

येताना एसटीत अंजू खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर, घनश्यामराव ओट्याकडे गेल्यावर, ती माझ्यापाशी आली.

‘आई, बंद नका करू म्हणा ना डॉक्टरले,’ ती म्हणाली. ‘मले आता पोरीसंगं बोलता येते. रात्री तिले गोष्ट सांगता येते पुरी.’

मला राग आला, पण कोणावर काढावा ते कळेना, म्हणून तिच्यावरच काढला.

‘चालताना छातीत दुखते का व तुह्या?’

‘नाही.’

‘दम लागते?’

‘नाही जी.’

‘मंग कमी काहून चालतं?’

ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. ‘चालते ना आई, जमन तसं,’ एवढंच म्हणाली.

घनश्यामरावांना यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. त्यांच्या जिवाला आधीच काय कमी घोर होता!

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या पायऱ्या चढताना घनश्यामरावांचा तोल गेला. मी दंड धरला म्हणून वाचले. त्यामुळे तिथली फिजिओथेरपीवाली पायल, यवतमाळचीच चटपटीत मुलगी, मला म्हणाली, ‘मॅडम, आज तुम्ही आत या. खुर्ची घेऊन कडेला बसा. काकांना लागली तर लगेच देता येईल.’ म्हणून मी पहिल्यांदा तो वऱ्हांडा पाहिला. लांबलचक, स्वच्छ, दोन्ही टोकांना रस्त्यावर ठेवतात तसे केशरी शंकू. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत जायचं, वळून परत यायचं, सहा मिनिटं संपेपर्यंत. किती अंतर झालं ते पायल लिहिणार.

‘दोघांना एकदमच चालवतेस?’ मी विचारलं.

‘काकाच म्हणाले होते पहिल्या वेळी, दोघांचं संगंच उरका म्हणून. दुपारची गाडी सापडते ना तुम्हाला.’ मग ती त्या दोघांकडे वळली. ‘चला काका, अंजूताई. जमेल तितकं चाला. पळायचं नाही, दम लागला तर थांबायचं.’

ते निघाले. पुढे घनश्यामराव, एका हाताने भिंत चाचपत. मागे हातभर अंतर सोडून अंजू, डोक्यावर पदर, नजर फरशीवर. ते एक पाऊल टाकत, ती एक टाके. ते थांबून श्वास घेत, ती थांबे. पलीकडच्या शंकूपाशी ते वळले आणि समोरासमोर आले, तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिली, तोंड बाजूला केलं, त्यांना जाऊ दिलं. मग शंकूला वळसा घालून पुन्हा त्यांच्या मागे लागली. आमच्या ओसरीवर रोज असंच होतं. इतकं रोज होतं, की पहिल्या फेरीत मला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

दुसऱ्या फेरीला दिसलं, आणि मी खुर्चीवरून उठले.

‘पायल, हे दरवेळी असेच चालतात?’

‘हो मॅडम. अंजूताईंची चाल बरोब्बर काकांएवढीच आहे,’ ती म्हणाली. तिला त्यात नवलच वाटत होतं.

मी कपाळावर हात मारला. चाल काकांएवढी नसेल तर काय होईल! आमच्या गावात सून सासऱ्याच्या पुढे चालत नाही. वावरात जाताना नाही, लग्नाला जाताना नाही, मत द्यायला जातानाही नाही. सुनेचंच कशाला, मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा गावाने सत्कार केला, आणि तो नारळ हातात घेऊन मी घरी आले ती घनश्यामरावांच्या मागूनच. आणि इथे एवढी मोठी मशिनं, दूर कुठला तो कॉम्प्युटर, डोळे बांधलेले सगळे शहाणे लोक, आणि मोजत काय होते, तर माझ्या नवऱ्याचं चालणं दोनदा!

‘अंजू!’ मी ओरडले. ‘पुढं हो!’

‘मॅडम, चालताना बोलायचं नसतं,’ पायल कुजबुजली.

‘मी बोलणार. अंजू, पुढं हो म्हणते ना! गोळी बंद करतील तुही!’

अंजूने मान हलवली. वर पाहिलं नाही. घनश्यामराव मात्र थांबले. हा माणूस कमी शिकला असेल, पण त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीवर अंतराच्या ज्या पट्ट्या चिकटवल्या होत्या त्यांच्याकडे पाहिलं. मग मागे न वळता म्हणाले, ‘अंजू, पुढं जाय.’

‘तुम्ही चाला ना मामाजी.’

ते बाजूला झाले. तीही बाजूला झाली आणि पुन्हा त्यांच्या मागे उभी राहिली.

‘मी म्हणून राह्यलो ना, जाय.’

ती जागची हलेना. पायलच्या हातातलं घड्याळ धावत होतं. मला वाटलं, आता आपण जाऊन हिला मागून ढकलावं. तेवढ्यात घनश्यामरावांनी जे केलं ते ते घरी रोज करतात. ओसरीवर बसलेले असताना अंजूला बादली घेऊन बाहेर यायचं असलं, की ते खाकरतात आणि तोंड फिरवतात, म्हणजे तिने बिनधास्त जावं. तसे ते खाकरले. खाकरण्याचा खोकला झाला, तो आवरेपर्यंत त्यांनी भिंत धरली. मग भिंतीकडे तोंड केलं आणि त्या गुळगुळीत रंगावर कपाळ टेकलं.

‘आता मी पाहत नाही. जाय माय.’

आणि अंजू त्यांच्या मागून निघून गेली.

आधी चवड्यावर, चोरासारखी. मग पाऊल पुरतं टेकवून. शंकूला वळसा घालून आली तेव्हा चपलांचा आवाज यायला लागला होता. पुढच्या फेरीत डोक्यावरचा पदर घसरला, तो तिने वर घेतला नाही. हात मोकळे हलत होते. चेहरा लाल झाला होता, पण ओठ मिटलेले होते, ती नाकाने श्वास घेत होती! ज्या पोरीला मीठ मागायला दोनदा थांबावं लागत होतं ती त्या लांब वऱ्हांड्यात येत होती, जात होती, येत होती. पायल तिच्या बोटाच्या चिमट्याचा आकडा बघत होती, आणि आकडा पडत नव्हता. डॉक्टर त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. वाट बघत बसलेले दोघं-तिघं पेशंट उठून उभे राहिले.

फुफ्फुसं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली होती. उजवं, डावं, मधली नळी, खाली पडदा. पोरांकडून घोकून घेतली होती. ती एवढी मोठी गोष्ट असते हे मला त्या दिवशी कळलं. हात जोडावेसे वाटले, पण कोणाला ते कळेना. कॅप्सूलला, डॉक्टरला, की कुठल्या गावच्या कोणा माणसाला, ज्याने आपल्या वाट्याची भुकटी बिनतक्रार गिळली?

‘कोठं पोचली?’ घनश्यामरावांनी भिंतीशीच विचारलं. डोळे मिटलेले होते.

‘त्या टोकाले.’

‘अन् आता?’

‘वापस आली. आत्ता तुमच्या मागून गेली.’

‘आयकलं,’ ते म्हणाले, आणि भिंतीवर टेकलेलं त्यांचं कपाळ हलकेच हललं. हसत होते की काय होतं, मला दिसलं नाही.

पायलने ‘थांबा’ म्हटलं तेव्हा अंजू अगदी पलीकडच्या टोकाला होती. ती उभी राहिली, थोडी दमली, हसली, आणि भिंतीशी उभ्या सासऱ्याकडे नजर जाताच तिथेच खाली बसून रडायला लागली.

डॉक्टरांनी आजचं दोघांचंही मोजमाप बाद केलं. विश्रांती घेऊन पुन्हा एकेकट्याने चालायचं, आणि यापुढे कायम एकेकट्यानेच, असं पायलला बजावलं. घनश्यामरावांना आत पलंगावर निजवलं. मी अंजूला बाकावर घेऊन बसले आणि हातासरशी तिची शाळा घेतली.

‘मान ठेवा, पदर घ्या, सगळं बराबर हाये. पण दवाखान्यात कायले? तुहा जीव आधी का मामाजीचा मान आधी?’

तिने डोळे पुसले.

‘पयले पयले मानासाठीच मागं चालली, आई,’ ती म्हणाली. ‘तवा दमही लागे, पुढं जाताच आलं नसतं. मंग दम लागेनासा झाला. तवा जाता आलं असतं. पण मी पुढं गेली असती तं मामाजीले समजलं असतं ना.’

‘काय समजलं असतं?’

‘का त्यांचं तसंच हाये म्हणून. संगंच बिमार पडलो, संगंच गोळ्या सुरू केल्या. त्यांले वाटते, दोघांचंही सारखंच चालू हाये. तेवढाच धीर हाये त्यांले. घरी मी त्यांच्यासमोर तशीही कमी बोलते, तं तिथं समजत नाही. इथं समजलं असतं.’

‘अन् गोळी बंद झाली असती तं? नागपूरले नेऊन हृदयाची तपासणी केली असती तं?’

‘गेली असती,’ ती म्हणाली. आर्णीच्या बाजाराला जाऊन येते म्हणावं तसं म्हणाली.

जिला लेकीला रात्रीची गोष्ट पुरी सांगता यावी एवढंच हवं होतं, ती तेवढंही सोडायला निघाली होती, आणि तेही कोणाला कळू न देता. मी तिला रीतीभातीत अडकलेली समजत होते! मी तिचा हात हातात घेतला. बोटाला चिमट्याचा वळ उठला होता, तो चोळत बसले.

मग घनश्यामराव एकटे चालले. दोन फेऱ्यांतच खुर्ची द्यावी लागली. त्यानंतर अंजू एकटी चालली, रिकाम्या वऱ्हांड्यात, मघापेक्षाही जास्त. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. अंजूच्या हृदयाची काळजी आता वाटत नाही, कॅप्सूल चालू राहील, ते म्हणाले. घनश्यामरावांचीही चालू राहील, पण घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवू, श्वासाचे व्यायाम पायल शिकवेल.

‘म्हणजे हिच्या डबीत दवाई हाये,’ घनश्यामराव म्हणाले.

‘मला माहीत नाही, काका. खरंच नाही. कधीकधी शरीर आपलं आपणही भरून काढतं. तुमच्या डबीत काय आहे तेही मला माहीत नाही. आज जे दिसलं ते लिहिलं, बस.’

घनश्यामरावांनी मान डोलवली. एवढा मोठा डॉक्टर ‘माहीत नाही’ असं तोंडावर सांगतो, याचंच त्यांना समाधान वाटल्यासारखं दिसलं.

दवाखान्यातून एसटी स्टँड काही फार लांब नाही. ऑटो करू म्हटलं तर घनश्यामराव ऐकेनात, हळूहळू जाऊ म्हणाले. बाहेर पडताच अंजू सवयीने मागे सरकली.

‘तू पुढं हो,’ ते तिला म्हणाले. ‘गाडीत जागा धर. आमी येतो आरामात.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. ती पिशवी घेऊन पुढे गेली. आम्ही दोघं दुकानांच्या कडेकडेने निघालो, ते पाच पावलं टाकून थांबायचे, मी पाटीवरची अक्षरं वाचल्यासारखं करायची. अंजूने बाकावर जे सांगितलं ते यांना सांगायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

‘मले मालूम होतं,’ ते अचानक म्हणाले.

‘काय?’

‘तिचं बरं होऊन राह्यलं ते. पयले पयले मागून तिचा दम आयकू ये, लोहाराच्या भात्यावानी. मंग कमी झाला. मंग आयकूच येईना. मले वाटलं, मागंच राह्यली का काय, म्हणून एक डाव मी थांबून पाह्यलं. तं होती मागंच. चुपचाप उभी.’ ते दम घ्यायला थांबले. ‘बम खुशी झाली मले. म्हटलं चला, घरात एकीचं तं भलं झालं.’

‘मंग बोलले काहून नाही?’

‘बोललो असतो तं तिनं खोटा दम लागून दाखवला असता. तशीच हाये ते. मले वाटे, ते मशीन लिहूनच राह्यलं असन सगळं. माह्यापायी अटकून हाये, हे कोठं मालूम होतं मले?’

दोघं एकामागे एक चालत होते, ते हातभर अंतर सोडून, आणि दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होते.

चार पावलांवर ते पुन्हा थांबले. दम लागला असेल म्हणून मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते पुढे बघत होते. समोर अंजू रस्ता ओलांडत होती. मोटारसायकलींच्या आणि ऑटोंच्या मधून, एक हात वर करून, पदर कमरेला खोचून, भरभर. मागे वळून आम्ही येतोय का तेही तिने बघितलं नाही. सासऱ्याने पुढे हो म्हटलं होतं ना, ती पुढे होत होती.

‘पाह्य व,’ घनश्यामराव म्हणाले. ‘पाह्य, कशी चालते ते!’

‘पाहून राह्यली ना मी.’

‘तू रोज पाहत असशीन. लग्न होऊन आली तवापासून माह्या मागंच राह्यली ते. समोर आली का मी तोंड फिरवत गेलो. हे पोरगी चालते कशी, ते मी आज पाहून राह्यलो.’

ती स्टँडाच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.